शकुमावशीची भीती

हे लिहिण्याचा मला फारसा अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. एखाद्या माणसाविषयी लिहायचं तर त्याला आतून-बाहेरून ओळखावं लागतं, असं मी ऐकलं आहे. मी शकुमावशीला बहुतेक भिंतीपलीकडूनच ओळखत होतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. माझं मराठी आठवीपर्यंत महापालिकेच्या शाळेत झालं, पुढचं सगळं गुजरातीत, आणि घरी आम्ही अहिराणी बोलतो. त्यामुळे शब्द चुकतील. दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. शकुमावशीने लोकांच्या गोष्टी जिवापाड लपवल्या. तिच्याबद्दल उघड लिहिणं म्हणजे तिच्याच कामाच्या विरुद्ध वागणं, असं वाटत राहतं. म्हणून नावं बदलली आहेत. तरीही कोणाला कोणी ओळखू आलं, तर कृपा करून मनातच ठेवा.

सुरतच्या नवागाममध्ये आमची खोली एका लांब रांगेत आहे. खोल्यांच्या भिंती सामाईक, आणि इतक्या पातळ की शेजारच्या माणसाने कूस बदलली तरी कळतं. आमच्या उजवीकडे शकुमावशी एकटी राहायची. मूळची पारोळ्याकडची. सरकारी दवाखान्याची ती आशाबेन होती. गरोदर बायका, लहान मुलांच्या लसी, ताप-खोकला, हे सगळं वस्तीत फिरून बघायची. पण आमच्या गल्लीत तिची खरी ओळख एका कामासाठी होती आणि ते काम कोणी मोठ्याने बोलत नसे. टीबीच्या पेशंटना ती गोळ्या पोचवायची.

टीबी हा शब्द आमच्याकडे उच्चारत नाहीत. ‘मोठा खोकला’ म्हणतात, नाहीतर नुसतं ‘ते’. अमक्याला ‘ते’ झालंय. एवढं म्हटलं की ऐकणारा पदर किंवा रुमाल तोंडाकडे नेतो.

मावशी बुटकी होती, आणि चालताना भिंतीच्या कडेकडेने चालायची. दातांना मिसरी लावायची, त्यामुळे हसली तरी ओठ मिटूनच हसायची. माझ्या माहितीतली ती सगळ्यात भित्री बाई. कुत्र्याला भ्यायची, विजेला भ्यायची, दवाखान्याच्या साहेबांना भ्यायची. दाराला कुलूप लावून गल्लीच्या टोकाला जायची आणि परत येऊन कुलूप ओढून बघायची. आमच्या गल्लीतला काळा कुत्रा आडवा आला की ती थांबून त्याच्याशी अदबीने बोलायची, “जाय ना भो, मी काय करं तुनं?” बायका हसायच्या. माझी आई म्हणायची, “शकुताई, इतकं भ्याशी तर कसं व्हई?” त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं. “भ्यास तो जगस.” जो भितो, तो जगतो.

पुढे मला कळलं की ती हेच पेशंटलाही सांगायची. इतर लोक धीर देतात, मावशी भीती घालायची. “आते बरं वाटस म्हनीसन गोयी सोडशी, तर ते परत येई. आनि परत येई ते डबल येई,” असं म्हणायची. म्हणताना तिचा स्वतःचाच आवाज कापायचा, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते खरं वाटायचं.

गल्लीतून जाताना ती एखाद्या दाराशी थांबायची, मान थोडी वाकडी करून. आत टीव्ही चालू असेल, कुकर शिट्टी देत असेल, त्यातून ती खोकला वेगळा काढायची. आमच्या दाराशीही थांबायची. माझे वडील लूमच्या कारखान्यात आहेत. तिथे सगळेच खोकतात. पण वडिलांना खोकला आला की आई भांडी जोराने घासायला लागायची. मला पुष्कळ दिवस वाटायचं की हा योगायोग आहे.

एकदा मावशी आत येऊन बसलीच. वडिलांना म्हणाली, “भाऊ, हाऊ खोकला कारखानाना शे का घरना?”

“कारखानाना.”

“मंग सुट्टीना दिनले काबर येस? त्याले सुट्टी नही का?”

वडील हसले, पण आई हसली नाही. त्याच आठवड्यात मावशीने साऱ्या रांगेला सांगितलं की सरकारने प्रत्येक खोलीतल्या प्रत्येकाची तपासणी करायला सांगितली आहे. कोणी सुटणार नाही. डबीत थुंकी घ्यायची, छातीचा फोटो काढायचा. लोक कुरकुरले. “आमी काय पेशंट शेत का?” मावशी म्हणाली, “मी काय करू, माय? वरतून हुकूम शे.” पूर्वी निकालाला बरेच दिवस लागत. आता दवाखान्यात नवीन मशीन आलं होतं, लगेच कळायचं. तरी ती मधली रात्र आमच्या घरात कोणी झोपलं नाही. वडील छताकडे बघत पडले होते. सकाळी मावशी दारात आली आणि ओठ मिटून हसली, तेव्हा आईने आधी भिंतीला हात टेकला.

वरून असा काही हुकूम नव्हताच. हे मला फार नंतर कळलं, पण वाचणाऱ्याला गोंधळ नको म्हणून आताच सांगतो. या तपासणीच्या थोडं आधी, संक्रांतीनंतर, आमच्या रांगेत एकाच माणसाचा रिपोर्ट खराब आला होता. ती वैशाली, आमच्यापासून दोन दारं पलीकडची सून. माझ्याच वयाची. नवरा किशोर लूमवर, सासू जनाबाई घरी. वैशाली ताप येतो म्हणून मावशीबरोबर गुपचूप दवाखान्यात गेली आणि ‘ते’ निघालं. घरातल्या माणसांनाही तपासायला पाहिजे, असं डॉक्टर म्हणाले. पण घरी कळलं तर काय होईल हे वैशालीला माहीत होतं. जनाबाईचा नवरा गावी याच आजाराने गेला होता. जनाबाई सगळ्यांसमोर म्हणायची, “आमना घरमा ते परत येवाले नको. येई तर मी उंबरठाबाहेर काढसू.” वैशाली मावशीच्या पायाशी बसून रडली होती. तिला माहेरी कायमचं धाडून दिलं, की ना गोळ्या राहणार ना घर. दोन माणसांना तपासण्यासाठी मावशीने सगळी रांग तपासली. जनाबाई आणि किशोर दोघेही साफ निघाले. आता प्रश्न एवढाच होता, की सहा महिने वैशालीने रोज गोळी घ्यायची आणि घरात कोणाला कळायचं नाही.

यासाठी मावशीकडे गाठोडी होती.

सुरतेत साड्यांचं काम घरोघर चालतं. भरतकाम झालेल्या साडीच्या मागच्या बाजूला धागे लोंबत राहतात. ते कात्रीने कापून द्यायचे, याला धागा कटिंग म्हणतात. मार्केटमधून माल आणणारा एक ठेकेदार मावशीला साड्या द्यायचा आणि ती त्या गल्लीतल्या बायकांना वाटायची. आम्हाला वाटायचं, सरकारी मानधनात भागत नाही म्हणून करते. तेही खरं असेल. पण आई सांगते की पूर्वी मावशी दवाखान्याची पिशवी घेऊन पेशंटच्या घरी जायची. एका घरी ती सारखी जाते हे घरमालकाने बघितलं आणि त्या कुटुंबाला महिना संपायच्या आत खोली सोडायला लावली. त्यानंतर तिने ती पिशवी कधी गल्लीत आणली नाही. साड्यांचं गाठोडं कोणाच्याही घरी गेलं तरी कोणी विचारत नाही. गोळ्यांची पाकिटं साडीच्या घडीत असायची. ज्या गाठोड्यात औषध, त्याच्या गाठीत ती हिरव्या धाग्याचा तुकडा अडकवायची. कोणत्या घरी काय जातंय, हे तिला आणि त्या एका माणसाला सोडून कोणाला कळत नसे.

वैशाली रोज दुपारी “माल लेवाले जास” म्हणून मावशीकडे यायची. भिंतीपलीकडून मला पाण्याच्या तांब्याचा आवाज यायचा आणि मावशीचं “आ कर. जीभ वर कर. हं.” मी समजायचो, मावशीकडे कोणी पाहुण्याचं लहान मूल आलंय.

मग मध्ये एकदा गोळ्याच संपल्या. आमच्याच नाही, आजूबाजूच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत. औषध देणारे भाई खिडकीतून म्हणायचे, “उपरथी ज नथी आव्युं, बेन.” वरूनच आलं नाही. दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, गुजराती, स्वभावाने चांगले. रांग बाहेर रस्त्यापर्यंत गेलेली असायची आणि ते एकटेच असायचे. मावशी त्यांच्यासमोर उभी राहायला भ्यायची, पण त्या दिवसांत रोज उभी राहिली. ते कपाळाला हात लावून म्हणायचे, “मावशी, हुं शुं करुं?” मी काय करू? ती म्हणायची, “साहेब, आप क्या करोगे. पर मेरे को पूछना पडता है.”

त्या दिवसांत तिचा चेहरा उतरला होता. गोळ्यांत खंड पडला की जंतू माजतात, मग साध्या गोळ्या चालत नाहीत, मोठं औषध घ्यावं लागतं, ते लांबलचक आणि त्रासाचं, हे तिला ठाऊक होतं. ती डिंडोलीत गेली, उधन्यात गेली, तिच्यासारख्या दुसऱ्या आशाबेनना भेटली. ज्या पेशंटकडे महिन्याच्या गोळ्या आधीच दिलेल्या होत्या, त्यांच्याकडून थोड्या थोड्या मागून आणल्या. माझ्या आईला ती नंतर म्हणाली, “वाटीभर साखर मांगतस तशी मांगी मी. लोके साखर देतस, पन गोयी देवाले हात थरथरस.” तरी लोकांनी दिल्या. पुढे दवाखान्यात गोळ्यांचा माल आला आणि तिने ज्याच्या त्याच्या घरी परत पोचवल्या, साडीच्या घडीतूनच. वैशालीचा एक दिवसही चुकला नाही.

माल आला त्याबरोबर नवीन पद्धतही आली. आता प्रत्येक पेशंटचं नाव कंप्युटरमध्ये असणार, देशात कुठेही गेला तरी तिथल्या दवाखान्यात गोळ्या मिळणार. पूर्वी गावी गेलेला पेशंट हातातून गेलाच म्हणून समजायचं. मावशी या बातमीवर खूश होती. पण त्याच पद्धतीत फोनही होता. पेशंटच्या मोबाइलवर रोज मेसेज येणार, कधी मशीनचा आवाज विचारणार, आज दवा घेतली का. आणि वैशालीच्या घरात मोबाइल एकच, किशोरचा.

मावशीने जे लपवून औषध घेत होते त्या सगळ्यांच्या नावापुढे स्वतःचाच नंबर लावला होता. तिचा फोन सारखा वाजायचा. भिंतीपलीकडून ती त्या मशीनला उत्तर द्यायची, “हां भो, खादी. हां, तिनीबी खादी. तू जेवना का?” मी एकटाच हसायचो. पण कंप्युटरने ते पकडलं. एकाच नंबरवर इतके पेशंट कसे? प्रत्येकाचा वेगळा नंबर द्या, नाहीतर नाव अडकेल.

त्यानंतरच्या आठवड्यात काय झालं ते मी सांगतो. आईच्या फोनमध्ये रिचार्ज बघत होतो. मेसेज हिंदीत होता. आपने आज टीबी की दवा ली है? त्याच्या खाली कालचा, त्याच्या खाली परवाचा. आईला वाचता येत नाही.

मी फोन होता तिथे ठेवला. कोणाला काही बोललो नाही. विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती, अशी मला भीती वाटली. त्या दिवसांत मी कॉलेजात बसून आईच्या खोकल्याचा हिशोब करायचो. ती बारीक झालीय का? हाताची बांगडी कोपराकडे सरकते का? मी जेवताना तिच्या ताटाकडे बघायचो, आणि आपण आपला पेला वेगळा ठेवतोय हे लक्षात आलं तेव्हा मला माझीच किळस आली. रात्री ती झोपली की मी तिचा श्वास ऐकत राहायचो. शेवटी एका सकाळी ती पोळ्या करत असताना मी फोन तिच्यापुढे धरला आणि वाचून दाखवलं.

आईने तव्यावरची पोळी उलटली. “मनं नही रे,” ती म्हणाली. “शकुताईनी नंबर मांगा, मी दिना.”

“कोनासाठी?”

“मी इचारं नही. तूबी इचारू नको.”

मग माझ्याकडे बघून म्हणाली, “इतला दिन तू माले मरेल समजी राह्यना होता का?” आणि हसायला लागली. मला हसता आलं नाही.

आता आखाजीकडे येतो. खानदेशातल्या माणसाला हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात, आणि लग्न झालेली लेक आखाजीला माहेरी झोके खेळायला जातेच. दिवाळी चुकेल, आखाजी चुकत नाही. नवागाम, डिंडोली अर्ध्याहून जास्त रिकामं होतं. उधना स्टेशनवर भुसावळकडच्या गाडीला पाय ठेवायला जागा नसते. सगळ्या गल्लीला आखाजीचा आनंद, आणि मावशीला धडकी. म्हणायची, “बठ्ठा लोके झोका खेयाले जातस, मना जीव झोक्यावर ऱ्हास.” गावी गेलेला पेशंट लग्नात, आमरसात, पाहुण्यांत गोळी विसरतो, त्याला बरं वाटायला लागतं आणि तो परत येत नाही. नवीन पद्धतीत गावातही औषध मिळणार होतं, पण वैशाली माहेरच्या गावातल्या दवाखान्यात गेली तर संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळणार. म्हणून मावशीने ठरवलं की तिला पुरतील एवढ्या गोळ्या इथूनच गाठोड्यात बांधून द्यायच्या.

आखाजीआधी ठेकेदाराने घाई केली. सगळे गावी जाणार, त्याआधी माल परत पाहिजे. एकाच दुपारी सगळ्या बायका आपापली गाठोडी घेऊन मावशीच्या ओट्यावर आल्या. कापलेल्या, न कापलेल्या साड्यांचा ढीग झाला. मी आमच्या दारात पुस्तक घेऊन बसलो होतो. मावशी आत ठेकेदाराशी फोनवर बोलत होती. जनाबाईला वाटलं, शकुताईला मदत करावी. तिने ढिगातलं एक गाठोडं ओढलं. “शकुताई, हाई वैशालीनं शे ना? मोजी टाकस मी,” म्हणत गाठ सोडली आणि साडी झटकली.

चांदीच्या रंगाची पाकिटं ओट्यावर पसरली. एक माझ्या आईच्या पायाशी आलं. लालसर गोळ्या होत्या. आमच्या गल्लीत त्या गोळ्या न ओळखणारी बाई नाही.

वैशाली माठापाशी उभी होती. तिच्या हातातला पेला तसाच राहिला. जनाबाईने एक पाकीट उचललं, उलटं-सुलटं बघितलं आणि सुनेकडे मान वळवली.

“ह्या कोन्या शेत?” कोणीतरी विचारलं.

मावशी दारात आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. कुत्रा आडवा आल्यावर व्हायचा तसाच. मला वाटलं, ती आत पळून जाईल आणि दार लावून घेईल. ती खाली बसली आणि पाकिटं गोळा करायला लागली.

“मन्या शेत,” ती म्हणाली. माझ्या आहेत. “माले शे ते.”

बायका मागे सरकल्या. ओट्यावरून एकेक उतरली. एकीने आपल्या मुलाचा दंड धरून त्याला ओढलं. “आमना हातमा माल देती व्हती, आनि सांगं बी नही?” ती ओरडली. मावशी पाकिटं पदरात घेत राहिली. जनाबाई सगळ्यात शेवटी उठली. ती सुनेला घेऊन घरी गेली.

संध्याकाळपर्यंत गल्लीने मावशीला वाळीत टाकलं. ठेकेदाराने माल बंद केला. नळावर ती आली की बाकीच्या हंडे बाजूला घ्यायच्या. घरमालक दारात उभा राहून, लांबूनच, खोली खाली करायला सांगून गेला. माझे वडील म्हणाले, “आपन बोलूत त्याना संगे.” आई म्हणाली, “काय बोलशात? ती नही म्हनत शे का?” कारण मावशी नाकारत नव्हती. आणि ज्यांना खरं काय ते समजलं होतं त्यांना बोलता येत नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी दवाखान्याचे डॉक्टर स्वतः तिच्या खोलीवर आले. भिंतीतून सगळं ऐकू आलं.

“मावशी, तमने कशुं नथी. तपास साफ छे. हुं लखी आपुं, बधाने बतावो.” तुम्हाला काहीही झालेलं नाही, मी लिहून देतो, सगळ्यांना दाखवा.

“नको साहेब. लिखके मत दो.”

“अरे, घर जाय छे तमारुं!”

“कागज दिखाया तो लोग पूछेंगे, फिर गोली किसकी थी.”

मग डॉक्टरांनी विचारलं, “डर नथी लागतो?” मावशी म्हणाली, “लगता है ना साहेब. बहोत लगता है.” त्यानंतर मला फक्त तिचं नाक शिंकरणं ऐकू आलं.

आम्हीही आखाजीला गावी निघालो. उधना स्टेशनवर गर्दी अशी की वडिलांनी माझ्या लहान बहिणीला खांद्यावर घेतलं होतं. आमच्याच डब्यात, थोडं पुढे, खिडकीशी वैशाली बसली होती. तिला न्यायला भाऊ आला होता. तेवढ्यात मला मावशी दिसली. खांबाच्या आडून, लोकांच्या धक्क्यांत, ती खिडक्या बघत पुढे सरकत होती. आमच्या गल्लीची पुष्कळ माणसं त्या फलाटावर होती, म्हणून तिने पदर डोळ्यांपर्यंत ओढला होता. ती वैशालीच्या खिडकीशी पोचली आणि एक लहानसं गाठोडं गजांतून आत दिलं. भाऊ म्हणाला, “कोन वं?” वैशाली म्हणाली, “धागा कटिंगवाली शे. माल दिना.” माहेरी जाणाऱ्या मुलीला कोणी कामाचा माल देत नाही, हे त्या भावाला सुचलं नाही. गाडी हलली. मावशी मागे मागे जात पाण्याच्या नळापाशी उभी राहिली. इतकी माणसं होती, पण तिच्या आसपास मला एकही ओळखीचं माणूस दिसलं नाही. मी हात वर केला. तिने बघितलं की नाही, सांगता येत नाही.

आम्ही परतलो तेव्हा शेजारच्या खोलीत दुसरं कुटुंब राहायला आलं होतं. मावशी कुठे गेली, कोणाला माहीत नव्हतं. कोणी कतारगाम म्हणालं, कोणी गावी. वैशाली परत आली, पण आता ती कोणाकडे माल घ्यायला जात नव्हती, जाणार तरी कुठे? आणि थोड्याच दिवसांत आईच्या फोनवरचे मेसेज बंद झाले. आज दवा ली है? हे कोणी विचारेना. मी रोज आईचा फोन बघायचो. मेसेजमुळे एकदा घाबरलो होतो, आता मेसेज नाही म्हणून त्याहून जास्त घाबरलो. सहा महिने पुरे व्हायचे होते. गल्लीत वैशाली दिसली की मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचो आणि लगेच नजर वळवायचो. ज्यासाठी मावशीचं घर गेलं ते अर्ध्यातच तुटलं, असं मला वाटायचं. विचारायचं कोणाला, हे मात्र कळत नव्हतं.

बातमी श्रावण लागल्यावर आली, तीही जनाबाईच्या तोंडून. ती आमच्याकडे मेथी निवडायला बसली होती. मी आत अभ्यास करत होतो. तिने आवाज खाली आणला, पण आमच्या घरात आवाज खाली आणून उपयोग नसतो. म्हणाली, वैशालीची शेवटची तपासणी झाली. साफ आली. औषध पुरं झालं.

आईच्या हातातली जुडी तशीच राहिली.

जनाबाईला आधीपासून माहीत होतं. सुनेच्या मागून मोरीत गेलं की गोळ्यांनी लालसर झालेल्या लघवीचं पाणी दिसायचं, आणि तिने तसं पाणी नवऱ्याच्या वेळी बघितलेलं होतं. ती बोलली नव्हती, कारण बोललं की आपलीच जुनी धमकी खरी करून दाखवावी लागली असती. ओट्यावरही तिला कळलं होतं की मावशी खोटं बोलते आहे, आणि तरी ती गप्प राहिली. “माले भ्याव वाटना वं,” ती आईला म्हणाली. “मना तोंडमातून शब्दच निंघना नही.” आखाजीनंतर तीच दवाखान्यात गेली, डॉक्टरांना भेटली. डॉक्टरांनी वैशालीचं नाव नवीन कंप्युटरमधून कोसाडच्या दवाखान्यात बदलून दिलं, नंबरही बदलला. मावशी कोसाडला वसाहतीत भाचीकडे राहत होती. तिथून जनाबाई दर वेळी बस बदलत गोळ्या आणायची. किशोरला सांगायची, भजनाला जाते.

“पहिले गयी तवय काय म्हने शकुताई?” आईने विचारलं. “रागावनी व्हई.”

जनाबाईने मेथीची काडी बाजूला टाकली. मग म्हणाली, “दार उघाडं, माले देखं, आनि मना मांगे जिन्यावर देखाले लागनी. मंग हातले धरीसन आत ओढं, कडी लायी, आनि इचारं, कोनी देखं तं नही ना तुले?”